पसरकाटा

मथुराबाईंच्या धाकट्या लेकीचं, सुमतीचं लग्न झालं, त्याच वर्षी फोनवर पसरकाटा आला. एखादी गोष्ट टाकण्याआधीच तो सांगायचा, किती लोक ती पुढे पाठवतील.

त्या लग्नात व्याहीभेटीला रिवाजाप्रमाणे व्याह्यांना उचलताना मथुराबाईंच्या नवऱ्याचं धोतर सुटलं. बहिणीच्या मुलाने, विलासने ते टिपलं. काटा वीस लाखांवर गेला, तसं त्याने ते टाकलंच. नवऱ्याने उंबरा ओलांडणं सोडलं.

मथुराबाईंनी फोनसमोर नवऱ्याचे हाल, सगळं खरं खरं सांगितलं. काटा अकरावर अडला.

शेजारी बसलेला विलास फिदीफिदी हसला. "मावशी, रडगाणं कोण पुढे पाठवतं? लोकांचं रक्त तापलं पाहिजे!"

"तापवते की, मुडद्या."

तो गेल्यावर त्या फोनला म्हणाल्या, "विलास आईला उपाशी ठेवतो, वर मारतो." काटा चाळीस लाखांवर गेला. त्यांनी बोट दाबलं आणि सुमतीच्या लग्नानंतर पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीला सोडवायला विलासच्या दारात जमाव आला. विलास मागल्या दाराने पळाला. कोणीतरी भिरकावलेला दगड खिडकीतून आत गेला.

विलास आजही धडधाकट आहे. त्याची आई यशोदा, मथुराबाईंची थोरली बहीण, त्याच दुपारी, चैत्र वद्य पंचमीला वारली.