सोमवारची मुलाखत

श्रावणी सोमवारी सूर्यास्तापर्यंत कालिंदीताई बोलत नसत, आणि व्हिसाची मुलाखत नेमकी सोमवारीच आली. पुढची तारीख मागावी, तर परदेशात लेकीचे दिवस भरत आलेले.

"तू गप्प राहा, मी बोलतो," भालचंद्रराव म्हणाले. "नाहीतरी घरात तोंड माझंच चालतं. तुझ्या महादेवाचेसुद्धा कान किटले असतील."

पण काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने त्यांना थांबवलं. "मॅडमना बोलू द्या. कशासाठी जाताय तुम्ही?"

भालचंद्रराव हवालदिल झाले. कालिंदीताईंनी क्षणभर डोळे मिटले. माहेरपासून सांभाळलेलं व्रत होतं ते. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "लेकीचं पहिलं बाळंतपण आहे हो. तिच्या उशाशी कुणी नाही. बाळाला न्हाऊमाखू घालीन, त्यानं मान धरली की परत येईन."

अधिकारी हसला. पासपोर्ट ठेवून घेत म्हणाला, "व्हिसा मिळेल. सांभाळून जा."

बाहेर येताच आनंदाने कालिंदीताईंचे डोळे भरून आले, तरी मनात कुठेतरी टोचत होतं. "अहो, मौन मोडलं हो माझं. रागावेल का तो?"

एरवी देवापुढे हातही न जोडणारे भालचंद्रराव त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी आभाळातल्या सूर्याकडे बोट दाखवलं आणि तेच बोट आपल्या ओठांवर ठेवलं. बायकोचं उरलेलं मौन त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

"कुठं जायचं, काका?" टॅक्सीवाला विचारून विचारून वैतागला, पण काकांनी तोंड उघडलं नाही. शेवटी डोळे पुसत, हसत, कालिंदीताईंनीच घरचा पत्ता सांगितला.