आईचा डबा

"अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचल," कडेला बसून पेट्रोलचा हिशेब ठेवणारी आई रेडिओवर म्हणाली. "टाकीतलं संपत आलंय."

हेल्मेटच्या आत धाकटीला हसू आलं. हाच तो आवाज. लहानपणी खाऊ मागितला की आई अशीच सपाट आवाजात "संपला" म्हणायची, आणि भरलेला डबा कपाटावरच्या गाद्यांमागे आरामात बसलेला असायचा. दादा खुर्चीवर चढून शोधायचा आणि पाठीत धपाटा खायचा. धाकटी मुकाट्याने पाढे म्हणत बसायची. निजायच्या आधी तिच्या हातावर खाऊ पडायचाच.

आता तोच दादा तिच्या पुढे होता, दुसऱ्या संघाच्या लाल गाडीत. शर्यतीत मध्येच पेट्रोल भरायची सोय नव्हती. सुरुवातीला टाकीत घेतलं तेवढ्यावर निभवायचं. आज जो पहिला येईल तो वरच्या गटात जाणार. दादा तिथे दोनदा जाऊन आला होता. धाकटीला मात्र पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. आज नाही तर कधीच नाही.

तिने पाय उचलला. वळणाच्या बऱ्याच आधी गाडी नुसती घरंगळू द्यायची, आणि बाहेर पडताना हलकेच दाबायचं. असं केलं की पेट्रोल वाचतं आणि आपला जीव जातो. लाल गाडी लांब लांब चालली.

"आई, तो सुटला," ती म्हणाली.

"सुटू दे. कळ काढ. आपल्याकडे काही नाहीये."

रेडिओवरचं बोलणं सगळ्या संघांना ऐकू जायचं, नियमच तसा होता. दादाच्या माणसांनी हे वाक्य लगोलग त्याच्या कानावर घातलं असणार. आणि दादा म्हणजे आईचाच मुलगा. आई 'नाही' म्हणाली म्हणजे डबा भरलेला आहे, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. बहीण शेवटी शेवटी मुसंडी मारणार, तर आत्ताच अंतर वाढवून ठेवावं, असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. वळणावळणावर तो इंजिनाचा जीव काढत होता. चढला खुर्चीवर, धाकटी मनात म्हणाली.

तिचाही पाय शिवशिवत होताच. पण मागितलं की मिळत नाही, हा त्या घरचा कायदा. तिने पाय तसाच अर्धा ठेवला.

शेवटची फेरी लागली तरी आई काही बोलेना. आता तरी काढ की गं तो डबा, इतका कसला चिकटपणा! धाकटीचे डोळे भरून आले.

आणि लांबच्या सरळ रस्त्यावर तिला लाल गाडी दिसली. हळू झालेली. एक आचका, दुसरा आचका, आणि दादाने गाडी कडेच्या गवतात घेतली. टाकी कोरडी ठणठणीत. धाकटी शेजारून निघून गेली, तशीच, अर्ध्या पायाने. समोर झेंडा हलला.

"इंजिन बंद कर," आई म्हणाली, आणि मग तिचा तो सपाट आवाज फुटलाच. "जिंकलीस गं बाळा."

लोक उभे राहून ओरडत होते. संघाच्या मिस्त्रीने धाकटीला गाडीतून ओढून बाहेर काढलं, तेव्हा ती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. आनंद कुठे ठेवू आणि कुठे नको, असं तिला झालं होतं.

दादा हेल्मेट काखेत घेऊन चालत आला. चेहरा आंबलेला होता, पण बहिणीला त्याने उचलून गरकन फिरवलं. मग तो आईकडे वळला.

"आता तरी सांग. किती लपवलं होतंस?"

सगळे हसले, धाकटी सगळ्यात मोठ्याने. आईने मिस्त्रीला गाडीकडे बोट दाखवलं.

मिस्त्री गाडी तपासणीला न्यायला आत बसला. त्याने बटण दाबलं. इंजिन नुसतं खाकरलं. पुन्हा दाबलं, पुन्हा खाकरलं. त्याने उतरून टाकीचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला, आणि तसाच आईकडे बघत राहिला.

धाकटीचं हसू थांबलं. दादाचं आधीच थांबलं होतं.

"सांगत तर होते," आई म्हणाली, "संपलंय म्हणून."