दणका

दणका बसला आणि बाकावर निजवलेलं बाळ दोन्ही हात उडवून दचकलं. रेवतीचा विश्वासच बसेना. घरी ताटं आपटली, डबे वाजवले, तेव्हा चार महिन्यांचं हे लेकरू ढिम्म हललं नव्हतं. म्हणून तर त्याला बार्शीहून शहरातल्या या कानाच्या संशोधन संस्थेत आणलं होतं.

संस्थेची नवी इमारत शेजारीच उभी राहत होती. एक अवाढव्य यंत्र सकाळपासून जमिनीत खांब ठोकत होतं. एवढ्या आवाजात तपासणी होत नाही, मजूर जेवायला गेले की घेऊ, असं तपासणीच्या मॅडमनी सांगितलं होतं.

पुन्हा दणका. बाळ पुन्हा दचकलं.

"अहो, ऐकू येतंय त्याला."

नवऱ्याने तेवढ्यात घरी फोनही लावला. "आई, काळजी मिटली."

मॅडम दारातून बघत होत्या. त्या पुढे आल्या. "द्या बरं जरा माझ्याकडे," म्हणत त्यांनी बाळाला उचलून खांद्याशी धरलं. दणका बसला. रेवती दचकली, नवराही दचकला. बाळ मॅडमच्या ओळखपत्राची दोरी निवांत चोखत राहिलं.

रेवतीने रिकाम्या बाकावर तळवा टेकवला. पुढचा दणका बसला तसा लोखंडातून हादरा थेट तिच्या कोपरापर्यंत आला.

मग यंत्र थांबलं.

"चला, झालं शांत," मॅडम म्हणाल्या.

शांत व्हावं म्हणून सकाळपासून देवाला विनवणारी रेवती बाकाशीच उभी राहिली, यंत्र पुन्हा सुरू होण्याची वाट बघत.