बरोबर कोण आलंय?

नगरपालिकेच्या वजन घटवण्याच्या शिबिरात काट्यावर चढण्याआधी आईनं हातातल्या पाटल्या काढून माझ्याकडे दिल्या. “तेवढंच कमी भरेल,” ती हसली. मी त्या पर्समध्ये टाकल्या आणि दाराशी जाऊन उभी राहिले.

“शहाण्णव!” सिस्टर मोठ्यानं म्हणाल्या. “काकू, साबुदाणावडे सुटत नाहीत वाटतं?” रांगेतल्या बायका हसल्या. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

“घरच्यांना पथ्य समजावून सांगायचंय. बरोबर कोण आलंय?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. “कोणी नाही. एकटीच आलेय.”

परतताना पाटल्या द्यायच्या राहिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना आई कोसळली, ती उठलीच नाही.

दोन आठवड्यांनी, आज सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होते. शेवटी शिबिरात जाऊन आई गेल्याचं सांगितलं, तिचं कार्ड परत दिलं.

“अरेरे,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही कोण त्यांच्या?”

पर्समधल्या पाटल्या हाताला लागल्या. “मुलगी,” मी रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले. “त्या दिवशी आई एकटी नव्हती. मी दाराशी उभी होते. मला तिची लाज वाटत होती.”