फर्स्ट बेसवरचा कॉन्सर्टिनावाला

"रेड गोरेकी? नाही जमणार," मर्ल म्हणाला आणि पाटीवर नाव न लिहिताच त्याने खडू खाली ठेवला.

डोलोरेस क्यूनने नुकतेच काढलेले हातमोजे पुन्हा हातात घेतले. "का नाही जमणार?"

मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या त्या बारच्या मागच्या खोलीत तळलेल्या माशांचा वास कोंदला होता. दर हिवाळ्यात शुक्रवारी दुपारी ही म्हातारी मंडळी इथे जमत. बाहेर बर्फ, बेसबॉलचा मोसम बंद. मग प्रत्येकाने जुन्या काळातल्या खेळाडूंमधून आपापला संघ निवडायचा आणि बर्फ वितळेपर्यंत फासे टाकून सामने खेळायचे. यंदाची अट संगीताची होती. खेळाडूला एखादं वाद्य यायला हवं, निदान गाता तरी. मर्लकडे ट्यूबा वाजवणारा कॅचर होता. अर्व्हने बॅन्जोवाला पिचर, म्हणजे गोलंदाज, आधीच पटकावला होता आणि त्यावरून नॉर्बर्ट अजून धुसफुसत होता.

डोलोरेस या मंडळींत नवी होती. तिचा नवरा क्लॅरेन्स ऑक्टोबरमध्ये वारला. रेड गोरेकीवर अन्याय झाला, हे तो जन्मभर ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत आला होता. निदान एका पाटीवर तरी ते नाव सन्मानाने लागावं, एवढ्यासाठी ती आली होती. नऊजणांच्या संघातले बाकीचे आठजण कोणीही चालले असते.

"तो कॉन्सर्टिना वाजवायचा," ती म्हणाली. "ती भात्याची छोटी पेटी. मी स्वतः ऐकलंय. मग तो तुमच्या अटीत का बसत नाही?"

"वाजवायचा हो. छान वाजवायचा. प्रश्न वाजवण्याचा नाही."

"मग कसला आहे?"

मर्लने अर्व्हकडे पाहिलं. अर्व्ह पिळून झालेलं लिंबू पुन्हा पिळू लागला.

"प्रश्न असा आहे," टेबलाच्या टोकाकडून आवाज आला, "की तो भिकार खेळायचा."

बोलणाऱ्याला सगळे स्टॅन म्हणत. टक्कल, जाड भिंगांचा चष्मा, आणि आल्यापासून त्याने कोणाबद्दलही बरा शब्द काढला नव्हता.

"शेवटचा सामना," स्टॅन म्हणाला. "एक चेंडू धरायचा होता. धरला असता तर अजिंक्यपद आपलं. यांच्या रेडसाहेबांनी सोडला. या गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे ते."

"सोडला नाही! चेंडू आधी जमिनीवर आपटला. फेकच वाईट होती. क्लॅरेन्स फर्स्ट बेसच्या अगदी मागे बसला होता, त्याने पाहिलंय. पण आपल्याच संघातला तो फेकणारा पडला देखणा, पेपरात फोटो यायचे त्याचे. त्याला कोण बोलणार? सगळं खापर या लाल केसांच्या पोराच्या माथी!"

"बाई, फर्स्ट बेसवर माणूस उभा करतात तो वाईट फेकलेले चेंडू धरायलाच. चांगले काय, माझी आत्यासुद्धा धरेल."

नॉर्बर्टला हसू फुटलं. मर्लने डोळे वटारताच त्याने ते बियरच्या ग्लासात दडवलं.

डोलोरेसचा चेहरा लाल झाला. "हसा. तेव्हाही लोक असेच हसले होते. त्याच आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम होता. चाळीस वर्षं झाली, पण मला अजून दिसतंय. त्याने सुरुवात केली आणि लोकांनी बाटल्यांची बुचं फेकली. त्याच्या वाजवण्याने कोणाचं काय बिघडवलं होतं? भरल्या हॉलमध्ये फक्त क्लॅरेन्स आणि मी नाचलो. आमची ओळखसुद्धा नव्हती. रागाच्या भरात त्याने समोर आला तो हात धरला, तो माझा होता."

चष्मा काढून स्टॅन सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला.

"नाचल्याने चूक पुसली जात नाही," तो शेवटी म्हणाला.

"स्टॅन, पुरे आता," मर्ल हलकेच म्हणाला.

"मतदान घ्या," डोलोरेस म्हणाली. "कोणाकोणाला नको आहे, हात वर करून सांगू दे. माझ्याकडे बघून."

"हे मतदानाने होणारं नाही," मर्ल म्हणाला.

"यंदा नको असेल तर पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही नको," अर्व्ह इतक्या घाईने म्हणाला की लिंबू त्याच्या हातातून निसटलं.

डोलोरेस उठली. कोटाच्या बाहीत तिचा हात शिरेना. "आता कळलं मला. बुचं फेकणारे तुम्हीच होतात. म्हातारे झालात, पण मन तेवढंच कोतं राहिलं! पिचर बॅन्जो वाजवतो म्हणून आपसांत भांडता, आणि एका मेलेल्या माणसाला पाटीवर एक ओळ द्यायची तर तुमच्या जिवावर येतं?"

नॉर्बर्टला ठसका लागला आणि कोणी त्याची पाठही थोपटली नाही.

"बाई, बसा," मर्ल म्हणाला. "चूक आमची आहे. एक नियम तुम्हाला सांगायचाच राहिला. इथे जो तो आजोबा-पणजोबांच्या काळातली नावं घेऊन येतो, म्हणून तो कधी सांगावाच लागला नाही. जो खेळाडू जग सोडून गेलाय, त्यालाच संघात घ्यायचं."

"मग अडलंय कुठे?"

अर्व्ह आणि नॉर्बर्ट खाली बघत राहिले. स्टॅनने चष्मा डोळ्यांवर चढवला, शेजारची खुर्ची तिच्यासाठी पायाने बाहेर ढकलली आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"अडलंय इथे," तो म्हणाला, "की तुमच्या संघासाठी मी काही एवढ्यात मरणार नाही."