कोरडी पाठ

माथेरानचा चढ संपला तेव्हा ऊन शेहेचाळीस अंशांवर होतं. धाकलू आखाडेने प्रवाशाला उतरवलं, खोगीर सोडलं आणि सवयीने घोड्याची पाठ गोणपाटाने पुसली. गोणपाट कोरडंच राहिलं.

“आबा, उन्हासाठी प्रयोगशाळेत घडवलेल्या या जातीला घाम येतच नाही,” सून म्हणाली. “कशाला पुसता?”

“हाताला सवय लागलीय गं.”

या चढावर उन्हाने आधी काठेवाडी घोडे कोसळले. त्याची भीमथडी घोडी चंद्री सगळ्यात शेवटी गेली.

खोगिराखालची घोंगडी तिचीच होती, कधीच न धुतलेली. ती दगडावर ठेवताच नव्या घोड्याने मान वाकवली आणि चंद्रीच्या घामाच्या पांढऱ्या मिठाला जीभ लावली.

धाकलूने घोंगडी अलगद ओढून घेतली.

“नको रे राजा. तेवढीच उरलीय ती.”