पक्कं मत

"हा रस्ता आपला झाला ना, की बार्कर पडलाच म्हणून समजा," प्रचारात नीनाबरोबर फिरणारा देव म्हणाला आणि त्यानं फोन तिच्या नाकासमोर धरला. लेस्टरमधल्या या गल्लीतली एकमेकांना चिकटून उभी असलेली विटांची घरं फोनवर हिरव्या-लाल ठिपक्यांची झाली होती. हिरवा म्हणजे आपलं पक्कं मत, लाल म्हणजे विरोधातलं. हिरवे वाढत होते. चार निवडणुका हसत-खेळत जिंकलेला खासदार बार्कर यंदा पहिल्यांदाच डळमळला होता. इतकी वर्षं या मतदारसंघाकडे ढुंकून न पाहणारा नीनाचा पक्ष आता लंडनहून रोज फोन करत होता. मतदान गुरुवारी होतं.

उमेदवार नीना होती, त्यामुळे सगळ्यांत जास्त आनंद तिला व्हायला हवा होता. पण आई गेल्यापासून तिला ना आनंद होत होता, ना रडू येत होतं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तशी ती आतून झाली होती. आईचे अंत्यसंस्कार झाले आणि दुसऱ्याच दिवशी ती प्रचाराला लागली. बाबाच म्हणाले होते, "जा, तुझं काम आहे." ती गेली, आणि त्यानंतर बाबांना फोनवरच भेटत राहिली.

दार, हसू, दोन वाक्यं, "थँक यू फॉर युवर टाइम," की पुढचं दार. काल एका घरात कुणीच नव्हतं, तरी ती बंद दाराला थँक यू म्हणून आली. देव पोट धरून हसला होता.

पुढचं दार बाबांचं होतं.

"हे तर घरचंच," देव म्हणाला. "इथे चहा पण मिळेल."

चहा मिळाला. साखर घालायची बाबा विसरले होते, पण कुणी बोललं नाही. आईचा फोटो शेकोटीच्या वरच्या फळीवर होता. उदबत्तीनं स्मोक अलार्म कोकलतो म्हणून फोटोपुढे बॅटरीचा दिवा लुकलुकत होता. दिवा कुणी आणला, हे नीनाला माहीत नव्हतं.

"काका, तुमचा पोस्टल व्होट गेली का?" देवनं विचारलं. तो इथेच जन्मलेला. मराठी बोलायचा मात्र हौसेनं.

"गेलं. सोमवारी टाकलं पेटीत."

"ब्रिलियंट!"

बाबांनी कप खाली ठेवला. "बार्करला दिलं."



"तो येतो," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर आला. मग दर बुधवारी यायला लागला. त्या खुर्चीत बसतो. फारसं बोलत नाही, मत तर मागितलंच नाही. बसतो, उठतो, आणि जाताना अवाक्षर काढत नाही. दुखवट्याच्या घरातून 'येतो' म्हणून निघायचं नसतं, हे ठाऊक आहे त्याला. आपल्या लोकांत जन्म गेलाय त्याचा."

"बाबा, मुरलेला पुढारी आहे तो. हे त्याचं कामच आहे."

"असेल. पण बसतो."

नीनाला वाटलं, आता आपल्याला वाईट वाटेल. सख्ख्या बापानं मत दिलं नाही म्हटल्यावर कुणालाही वाटेल. ती वाट पाहत राहिली. काहीच झालं नाही. तिनं उरलेला बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला.

देवचा अंगठा फोनवर अधांतरी राहिला होता. बाबांच्या घरावर पहिल्या दिवसापासून हिरवा ठिपका होता. तो नीनानं स्वतःच लावला होता, न विचारता.

"काय करू?" त्यानं हळूच विचारलं.

"लाल कर."

"नीनाताई, हे तर तुमची बाबा आहे!"

"मत गेलंय ना त्याला? मग लाल कर. आकडे खोटे नकोत."

देवनं ठिपका लाल केला आणि काकांकडे न बघताच तो बाहेर पडला. शेजारच्या फाटकाशी जाऊन तो थांबला.

नीनानं कप विसळून पालथे घातले. कोट चढवला. बाबा दारापर्यंत आले. ती मुकाट्यानं पायरी उतरली.

"नीना."

ती वळली.

"महिना झाला, लोक येतात, बसतात आणि न बोलता उठून जातात. रीतच आहे, त्यांचं काही चुकत नाही. तुझी आईही तशीच गेली, काही न सांगता." बाबांनी दाराची कड धरली होती. "तू काही भेटायला आलेली नाहीस. घरची आहेस. तू तरी 'येते' म्हणून जा."

नीनानं तोंड उघडलं. शब्द एवढासाच होता. पण दिवसभर दारोदार उभं राहून जे जिभेवर बसलं होतं, तेच बाहेर पडलं.

"थँक यू फॉर युवर टाइम."

बाबांनी मान हलवली, अनोळखी लोक हलवतात तशी, आणि दार हळूच लावून घेतलं.